‘आम्ही’ कोण आणि ‘आपण’ कोण?



“व्याकरणाचा एखादा धडा तुम्ही लिहून द्याल का?” असे वर्गाच्या बाईंनी विचारले तेव्हा आम्ही आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहिले. आमच्यापैकी एकाचे पोट संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालते. मराठी व्याकरणाचे पुस्तक त्याने दहावीची परीक्षा झाली त्या दिवशी मिटले, ते पुन्हा उघडलेच नाही. पण आमच्या घरी गेल्या हिवाळ्यात एक प्रसंग घडला होता. तो सांगितल्याशिवाय राहवत नव्हते, म्हणून होकार दिला.

प्रोग्रॅम लिहिताना सुरुवातीलाच सांगून टाकायचे असते की अमुक अक्षर म्हणजे अमुक वस्तू. मधेच अर्थ बदलला की गोंधळ होतो. तसेच आम्हीही आधी सांगून टाकतो. या धड्यात ‘आम्ही’ म्हणजे आम्ही दोघे, तिसरीच्या गटातल्या एका मुलाचे आई-बाबा. ‘आपण’ म्हणजे आम्ही दोघे आणि हे पान हातात धरून बसलेले तुम्ही. कुठे चुकलो तर पेन्सिलीने खूण करून ठेवा आणि शुक्रवारी वर्गात आम्हाला पकडा.

आता प्रसंग. आजी वाईहून दीड महिन्यासाठी बहरीनला आल्या होत्या. इथल्या दुकानांचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे दक्षिणेकडच्या वाळवंटातले ते एकटे झाड. इथे त्याला ‘शजरत अल-हयात’ म्हणतात, जीवनाचा वृक्ष. आसपास दुसरे मोठे झाड नाही, पाणी नाही, तरी ते चारशे वर्षांहून जास्त काळ उभे आहे असे मानतात. ते शमीच्या जातकुळीतले आहे असे कोणीतरी सांगितल्यापासून आजींना त्याची ओढच लागली होती. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो ती शमी, पांडवांनी जिच्यावर शस्त्रे लपवली ती शमी! ती इथे वाळूत कशी, ते त्यांना डोळ्यांनी बघायचे होते.

शुक्रवारी दुपारी जेवताना आम्ही स्वयंपाकघर आणि टेबल यांमध्ये ये-जा करत होतो. चिरंजीव आजीला म्हणाले, “आजी, आज आम्ही ते झाड बघायला जाणार आहोत!”

आजी म्हणाल्या, “हो का? जा हो, बघून या. फोटो काढून आणा.”

तीन वाजता आम्ही बूट घातले, चहाचा थर्मास भरला. आजी घरातल्याच साडीत मटार सोलत बसल्या होत्या.

“अगं आजी, तू अजून तयार नाहीस?”

“मी कुठे येतेय बाळा? तूच म्हणालास ना, आम्ही जाणार म्हणून. मला वाटलं, गाडीत जागा नसेल.”

गाडीत जागा भरपूर होती. बेत तर त्यांच्याचसाठी केला होता. पण जेवणापासून तीन वाजेपर्यंत एक म्हातारी बाई आपल्याला नेणार नाहीत असे समजून, ते पचवून, मटार सोलत बसली होती. तक्रार नाही, प्रश्न नाही. त्यांनी साडी बदलली, आणि मनामापासूनचे सुमारे ४० किलोमीटर अंतर कापून आम्ही पोचलो तेव्हा सूर्य मावळायला आला होता. आजींनी झाडाला हात लावून नमस्कार केला. बराच वेळ त्या पाने बघत होत्या.

परतताना मागच्या सीटवरून प्रश्न आला, “पण मी चूक काय बोललो?”

खरे तर त्याच्या वाक्यात चूक एकही नव्हती. कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर, काळ बरोबर. आमच्या धंद्यात अशा चुकीला सगळ्यात जास्त घाबरतात. प्रोग्रॅम विनातक्रार चालतो, कुठेही लाल रेघ उमटत नाही, आणि उत्तर मात्र चुकीचे येते. बोलणाऱ्याला कळत नाही की आपण चुकलो. ऐकणाऱ्याला कळत नाही की समोरचा चुकला. त्याला वाटते, समोरच्याला हेच म्हणायचे आहे.

चिरंजीवांनी केले ते एवढेच. डोक्यात इंग्रजी ‘वी’ आला आणि त्याच्या जागी मराठीतला पहिला सापडलेला शब्द ठेवला. इंग्रजीत ‘वी’ म्हटले की काम भागते. त्यात आजी आहे की नाही, हे ‘वी’ सांगतच नाही, ते संदर्भावरून ओळखायचे. मराठीत मात्र बोलणाऱ्याला तोंड उघडण्याआधीच ठरवावे लागते: ज्याच्याशी मी बोलतो आहे तो माझ्या वर्तुळाच्या आत आहे की बाहेर?

दोन वर्तुळे काढा. (झेरॉक्समध्ये चित्र नेहमी काळे पडते, म्हणून आम्ही छापायला दिले नाही. वहीत काढा.) पहिल्या वर्तुळात बोलणारा आणि त्याची माणसे लिहा, आणि ऐकणाऱ्याला वर्तुळाच्या बाहेर उभे करा. हे ‘आम्ही’. दुसऱ्या वर्तुळात बोलणारा आणि ऐकणारा दोघांनाही आत घ्या. आणखी कोणी असले तर तेही आत येतील, नसले तरी चालेल. हे ‘आपण’. ‘आम्ही’मध्ये बोलणाऱ्याशिवाय निदान एक जण हवा आणि तो ऐकणारा नसावा. ‘आपण’मध्ये ऐकणारा हवाच हवा.

उलट चूकही होते. तीसुद्धा आमच्याच घरात झाली. वर्गातल्या मित्रांना चिरंजीव म्हणाले, “शनिवारी आपण समुद्रावर पिझ्झा खाणार आहोत.” म्हणायचे होते की आम्ही तिघे जाणार आहोत. शनिवारी सकाळपासून फोन सुरू झाले, “किती वाजता सोडू हो मुलांना?” आठ मुले आली. मजा खूप आली, पिझ्झ्याचे बिल किती आले ते विचारू नका.

आता थोडे व्याकरण. क्रियापद या दोघांत भेद करत नाही: आम्ही जातो, आपण जातो, आम्ही गेलो, आपण गेलो, आम्ही जाणार आहोत, आपण जाणार आहोत. शेपूट तेच. त्यामुळे क्रियापद पाहून चूक कधीच पकडता येत नाही, आणि मुलांची चूक लक्षात येत नाही त्याचे हेच कारण आहे. विभक्ती लावली की मात्र दोघांची रूपे वेगळी होतात. आम्ही, आम्हाला, आमचा, आमच्याकडे. आणि आपण, आपल्याला, आपला, आपल्याकडे. (जुन्या पुस्तकांत ‘आम्हांला’ असे अनुस्वार देऊन लिहिलेले दिसेल, गोंधळू नका.) ‘त्याने आंबा खाल्ला’, ‘तिने आंबा खाल्ला’ यांत ‘ने’ लागतो, पण ‘आम्ही आंबा खाल्ला’, ‘आपण आंबा खाल्ला’ यांत लागत नाही.

एक जागा अशी आहे की तिथे फक्त ‘आपण’ चालतो. ‘जाऊया’, ‘खेळूया’, ‘बसूया’ या रूपांबरोबर ‘आम्ही’ येऊच शकत नाही. ‘आम्ही खेळूया’ हे वाक्य कानाला खडा लागल्यासारखे वाटते, कारण ‘या’ हे शेपूट समोरच्याला बोलावण्यासाठीच आहे. समोरच्याला वगळून बोलावणार कसे?

गंमत म्हणजे याच कोपऱ्यात इंग्रजीलासुद्धा हा भेद कळतो! शाळेत तुम्ही ‘लेट्स’ हा ‘लेट अस’चा संक्षेप म्हणून शिकता. पण दोन्ही शब्द नेहमी एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. ‘लेट्स गो’ म्हणजे ‘चला, आपण जाऊया’. ‘लेट अस गो’ हे एखाद्या पहारेकऱ्याला उद्देशून म्हटले तर त्याचा अर्थ ‘आम्हाला जाऊ द्या’. पहारेकरी जाणार नाही, तो दार उघडणार. तिथे ‘लेट्स गो’ म्हटले तर पहारेकरीही आपल्याबरोबर निघाला पाहिजे! पारख सोपी आहे. वाक्याला प्रश्नाचे शेपूट लावून बघा. ‘लेट्स गो’च्या मागे ‘शॅल वी?’ येते, म्हणजे ‘जाऊया ना आपण?’ आणि ‘आम्हाला जाऊ द्या’ या अर्थाच्या ‘लेट अस गो’च्या मागे ‘विल यू?’ येते, म्हणजे ‘द्याल ना तुम्ही?’ एका ठिकाणी ‘वी’, दुसऱ्या ठिकाणी ‘यू’. जुन्या, भारदस्त इंग्रजीत ‘लेट अस’ पहिल्या अर्थानेही येते, प्रार्थनेत किंवा भाषणात. पण ‘लेट्स’ दुसऱ्या अर्थाने येत नाही. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना हे सांगून बघा, खूश होतील.

मराठीत हेच परवानगीच्या प्रश्नात दिसते. “आम्ही जाऊ का?” ही परवानगी आहे. “आपण जाऊया का?” ही सूचना आहे. कोणाच्या घरी जेवायला गेलो की रात्री अकरा वाजता आमच्यापैकी एक जण दुसऱ्याच्या कानात म्हणतो, “आपण निघूया का?” आणि मग दोघे मिळून यजमानांना म्हणतात, “आम्ही निघतो हं आता.” एकाच मिनिटात, एकाच खोलीत, तीच दोन माणसे दोन वेगळी सर्वनामे वापरतात. चुकून उलटे झाले तर बघा: यजमानांना “आपण निघूया का?” म्हटले तर त्यांना स्वतःच्याच घरातून बाहेर काढले!

‘आपण’ला आणखीही नोकऱ्या आहेत. शाळेच्या व्याकरणात मराठीची मूळ सर्वनामे नऊ सांगतात: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. या नऊ जणांत ‘आपण’ सगळ्यांत कष्टाळू. आदर दाखवायचा असेल तर तो ‘तुम्ही’च्या जागी येतो. “आपण बसावे”, “आपण कधी आलात?” आमंत्रणपत्रिकेवर छापलेला ‘आपण’ हाच. इथे मात्र क्रियापद मदतीला धावते. “आपण कुठे जाणार आहोत?” म्हणजे मी आणि तू. “आपण कुठे जाणार आहात?” म्हणजे फक्त तुम्ही, आदराने. एका अक्षराचा फरक. पाहुण्या काकांना आपण पहिला प्रश्न विचारला तर ते गाडीची किल्ली शोधू लागतील.

तिसरी नोकरी ‘स्वतः’ची. “राजू आपल्या घरी गेला” म्हणजे स्वतःच्या घरी. “राजू त्याच्या घरी गेला” म्हटले तर ते घर राजूचेही असेल किंवा त्याच्या मित्राचेही. इंग्रजीत दोन्ही ठिकाणी ‘हिज’. मूळ काम खरे तर हेच आहे. ‘आपण’ हा संस्कृत ‘आत्मन्’वरून प्राकृत ‘अप्पण’ होत आपल्यापर्यंत आला. हिंदीतले ‘आप’ आणि ‘अपना’ हे त्याचेच भाऊ. म्हणजे जो शब्द आधी ‘स्वतः’ होता, त्यानेच पुढे समोरच्याला पोटात घेतले. ‘मी आपलं सहज विचारलं’ यातला ‘आपलं’ तर कोणत्याच कोष्टकात बसत नाही. आम्ही तास दीड तास वाद घातला आणि सोडून दिला.

सर्वांत जास्त जपायचे शब्द म्हणजे ‘आमचा’ आणि ‘आपला’. ‘हा आमचा माणूस आहे’ आणि ‘हा आपला माणूस आहे’ ही वाक्ये मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात ओळख करून दिली. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला घरात घेतले.

आमच्यापैकी एकीचे माहेर अकोल्याचे, सासर वाईचे. लग्नानंतर स्वयंपाकघरात सासूबाई प्रेमानेच सांगत: आमच्याकडे वरणात लसूण नाही घालत. आमच्याकडे आमटीला गूळ लागतो. आमच्याकडे पाटावरच बसतात. त्यांच्या मनात काही नव्हते. पण ‘आमच्याकडे’ या शब्दाला दार असते आणि ऐकणारा दाराबाहेर उभा असतो. दोन वर्षे गेली. तिसऱ्या दिवाळीत करंज्यांचे सारण ढवळताना सासूबाईंनी मान वर न करता विचारले, “आपल्याकडे खसखस जरा जास्तच घालतो ना गं आपण?” आमच्यापैकी ज्याची ती आई, त्याला यात काही विशेष घडले हे आजतागायत कळले नव्हते. हा धडा लिहायला बसल्यावर पहिल्यांदा कळले.

वाळवंटातल्या झाडाच्या दिवशी मटार सोलत बसलेल्या आजी त्या याच.

ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आम्ही हा किस्सा सांगितला. इंग्रज सहकाऱ्याला समजावून देताना पाच मिनिटे गेली. शेजारचा मलयाळी मात्र अर्ध्यातच “अय्यो, आजीला वगळलं!” म्हणून मोकळा झाला, आणि फिलिपिनो सहकारी तर हसायलाच लागली. कारण त्या दोघांच्या भाषांत हा भेद आहे. मलयाळीत ऐकणाऱ्याला वगळून ‘ञंगळ’ आणि धरून ‘नम्मळ’. फिलिपिनोत वगळून ‘कामि’, धरून ‘तायो’. बहरीनमध्ये मलयाळी आणि फिलिपिनो मित्र प्रत्येकाला असतातच. त्यांना विचारा. घरी त्यांच्याही आया ‘कामि नव्हे, तायो म्हण’ असे सांगतात का, ते आम्हालाही कळू द्या.

तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, म्हणजे अगदी आपल्यासारखेच. प्रमाण हिंदीत मात्र एकटा ‘हम’. (मध्य प्रदेशातले लोक बोलताना ‘अपन चलते हैं’ म्हणतात, पण पुस्तकात ते सापडत नाही.) आपल्या शेजारच्या कानडीत पूर्वी भेद होता, आता ‘नावु’ एकटाच उरला. मग मराठीला हे कुठून मिळाले? संस्कृतात नव्हते. संस्कृतात ‘अहम्’, ‘आवाम्’, ‘वयम्’: मी, आम्ही दोघे, आम्ही सगळे. माणसे मोजली, पण समोरचा त्यात आहे का हे विचारले नाही. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन्ही शब्द संस्कृत-प्राकृताच्या घराण्यातले आहेत, पण त्यांची ही वाटणी दक्षिणेच्या द्रविड भाषांच्या शेजाराने झाली, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. माप आपल्या दुकानातले, वजन करण्याची रीत शेजाऱ्याची.

अरबीचेही संस्कृतासारखेच. अरबीत दोनासाठी वेगळे रूप आहे, आणि त्याचा सर्वांत जवळचा पुरावा तुमच्या निवासपत्रावर छापलेला आहे. ‘बह्र’ म्हणजे समुद्र, ‘बह्रैन’ म्हणजे दोन समुद्र. आपण ज्या देशात राहतो त्याचे नावच द्विवचनी आहे! ‘तुम्ही दोघे’साठी अरबीत ‘अन्तुमा’, ‘ते दोघे’साठी ‘हुमा’. पण ‘आम्ही’ म्हणायची वेळ आली की दोन असोत की दोनशे, समोरचा आत असो की बाहेर, ‘नह्नु’ एकच. बोलताना इथले लोक ‘इह्ना’ म्हणतात.

आम्हाला सर्वांत आवडलेले उदाहरण पापुआ न्यू गिनीचे. तिथे टोक पिसिन नावाची भाषा आहे. तिचे बरेचसे शब्द इंग्रजीतून आलेले, पण बोलणाऱ्यांच्या मूळच्या भाषांना हा भेद हवाच होता आणि इंग्रजीकडे तो नव्हता. मग त्यांनी इंग्रजीच्याच तुकड्यांतून तो बनवला. ‘यू’ आणि ‘मी’ जोडून ‘युमि’, म्हणजे आपण. ‘मी’ला ‘फेलो’ जोडून ‘मिपेला’, म्हणजे आम्ही. सुटे भाग तेच, यंत्र नवे. इंजिनिअर असून आम्हाला हे सुचले नसते.

मोठ्या मुलांसाठी एक कोडे. भारताच्या संविधानाची उद्देशिका इंग्रजीत ‘वी’ या शब्दाने सुरू होते. मराठी अनुवाद करणाऱ्यांना निवड करावी लागली, आणि त्यांनी ‘आम्ही’ निवडला. का? सगळे भारतीय एकमेकांशी बोलत असते तर ‘आपण’ आले असते. मग इथे बोलणारा कोण, ऐकणारा कोण, आणि वर्तुळाच्या बाहेर कोण उभा आहे? आमच्या घरी यावर तीन मते आहेत आणि माणसेही तीनच.

आता पालकांशी दोन शब्द. आपण मुलांच्या चुका काढतो, पण या बाबतीत आपली स्वतःची वही तपासण्यासारखी आहे. जूनमध्ये फोनवर बोलून झाल्यावर आमच्यापैकी एक जण गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये बसून म्हणाला, “आपल्याकडे पाऊस सुरू झाला.” चिरंजीव धावत खिडकीशी गेले. बाहेर ४२ अंश आणि धूळ. ते परत येऊन म्हणाले, “कुठे पडतोय?”

त्याच्या व्याकरणात काहीही चूक नव्हती. आपण तिघे जिथे राहतो ते ‘आपल्याकडे’. आम्ही मात्र वीस वर्षांपूर्वी एक गाव मनात धरून आलो आणि ‘आपल्याकडे’ म्हणताना त्याच गावी जाऊन पोचतो, मुलाला न विचारता. तो वाईला जन्मला नाही. त्याच्या ‘आपल्याकडे’त खजुराची झाडे आहेत, कॉजवे आहे, शुक्रवारची सुट्टी आहे. आमच्या ‘आपल्याकडे’त कृष्णेचा घाट आहे. शब्द एकच आणि गाव दोन. त्याला जर आम्ही “आमच्याकडे पाऊस सुरू झाला” म्हटले असते तर तो बाहेर राहिला असता. “आपल्याकडे” म्हटले तर तो खिडकीशी धावतो. यावर उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. तूर्त आम्ही “वाईला पाऊस सुरू झाला” असे म्हणतो. वाक्य जरा कोरडे होते.

पुढच्या वेळी आजींशी व्हिडिओवर बोलणे झाले तेव्हा चिरंजीव म्हणाले, “आजी, मे महिन्यात आपण पाचगणीला जाऊया!” आजींनी आधी आमच्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे. “आपण ना? नक्की?” “हो, आपण. तू पण.” मग स्वेटर कोणता घ्यायचा यावर दोघांचे बराच वेळ चालले.

स्वाध्याय

लहान मुलांसाठी: ‘आम्ही’ किंवा ‘आपण’ यांचे योग्य रूप भरा.
१. आई, ____ भूक लागली आहे, ____ वाढ ना! (तू आणि ताई आईला म्हणता.)
२. बाई, ____ आता खाली खेळायला जाऊ का? (बाई वर्गातच थांबणार आहेत.)
३. चल रे, ____ मिळून किल्ला बांधूया.
४. काका, ____ कधी आलात?
५. हे ____ नवे शेजारी, आणि हे ____ बाबा. (मित्राला घर दाखवताना. पहिल्या जागी दोन उत्तरे शक्य आहेत. ती कधी कधी बरोबर ठरतील ते सांगा.)

मोठ्या मुलांसाठी: ‘लेट अस’ आणि ‘लेट्स’ यांची दोन-दोन इंग्रजी वाक्ये लिहा, त्यांना प्रश्नाचे शेपूट लावा आणि मग त्यांचे मराठी करा. संविधानाच्या कोड्याचे उत्तर चार ओळींत लिहा.

पालकांसाठी: फ्रिजवर एक कागद लावा. आठवडाभर घरात ‘आपल्याकडे’ हा शब्द कोणी उच्चारला की त्या वेळी मनात कोणते गाव होते ते त्याने तिथे लिहायचे. कागद मुलांनी तपासायचा. पुढच्या शुक्रवारी घेऊन या, आम्हीही आमचा आणतो.

— तिसरीच्या गटातल्या एका मुलाचे आई-बाबा